मूकपटातलं गाणं

"ती काय गातेय?" आईने विचारलं आणि माझं बोलणं तिथेच अडलं.

लॅपटॉपवर १९२१ सालचा मूकपट चालू होता. पॅरिसमधल्या एका रस्त्यावर चिंध्या पांघरलेली आंधळी मुलगी गात होती, म्हणजे तिचे ओठ हलत होते. वरच्या खोलीत तिची बहीण एका बाईशी बोलत बसलेली. आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही, डाव्याने उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं. त्यामुळे टीव्हीवर काही लागलं की घरातल्या कुणीतरी तिच्याशेजारी बसायचं आणि "आता तो उठला, आता ती दाराकडे गेली" असं सांगत राहायचं, ही आमच्याकडची रीतच झाली आहे. एरवी संवाद तिला ऐकू येतात, मी फक्त मधल्या जागा भरतो. त्या रात्री मात्र सगळंच माझ्यावर आलं होतं. चित्र आईला दिसत नव्हतं आणि आवाज चित्रपटाला नव्हता. पियानो तेवढा होता, पुढे केव्हातरी कुणी जोडलेला.

"गाणं कुठलं ते कळत नाही गं. नुसते ओठ हलतायत."

"मग वरच्या बहिणीला कसं कळलं?"

त्या प्रश्नापाशी मी बरेच दिवस घुटमळतो आहे. एका आंधळ्या मुलीचं गाणं दुसऱ्या बहिणीच्या कानावर पडतं, या एवढ्याशा गोष्टीवर एक नाटक पन्नास वर्षं जगभर चाललं. ते नाटक माझ्या हाती आलं ते मात्र भलत्याच वाटेने, आगीच्या.

मी पुण्यात हौशी नाटकांची प्रकाशयोजना करत आलो. स्पर्धेची नाटकं, एकांकिका, कॉलेजची संमेलनं. रंगमंचाच्या वर आडव्या टांगलेल्या दिव्यांच्या रांगेला आम्ही बॉर्डर म्हणतो. एका स्पर्धेच्या प्रयोगात त्या बॉर्डरमधला जिलेटिनचा कागद करपायला लागला. धूर फारसा नव्हता, पण तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. मी विंगेत वाळूची बादली धरून उभा आणि रंगमंचावर आमचा नट वाक्य म्हणता म्हणता क्षणभर वर बघून गेला. अर्ध्या सेकंदाची नजर. तेवढ्याने पुढच्या चार रांगांनी माना वर केल्या. नट जिकडे बघेल तिकडे प्रेक्षक बघतो, हे त्या दिवशी मला कळलं. पुढे काही झालं नाही, तो दिवा आम्ही बंद केला आणि अंक पार पडला. पण तेव्हापासून नाट्यगृहांतल्या आगींबद्दल मिळेल ते वाचायची सवय लागली, आणि वाचता वाचता मी ५ डिसेंबर १८७६ या तारखेला, न्यूयॉर्कशेजारच्या ब्रुकलिन थिएटरमध्ये येऊन पोचलो. त्या रात्री तिथे जे नाटक चालू होतं त्याचं नाव 'द टू ऑर्फन्स'.

मूळ नाटक फ्रेंच. 'ले दझ ऑर्फलीन', म्हणजे दोन अनाथ मुली. लेखक दोन, अदोल्फ देन्नरी आणि युजेन कोर्माँ. पहिला प्रयोग पॅरिसच्या पोर्त सँ-मार्तँ नाट्यगृहात २० जानेवारी १८७४ ला झाला. हे नाट्यगृहही आगीतूनच उठलेलं होतं. १८७१ च्या मे महिन्यात, पॅरिस कम्यून या उठावाच्या शेवटच्या दिवसांत ते जळलं आणि १८७३ मध्ये नव्याने बांधून उघडलं. देन्नरी हा त्या काळचा पट्टीचा नाटककार, दोनशेहून जास्त नाटकांवर त्याचं नाव आहे, बहुतेकांत कुणी ना कुणी जोडीदार लेखक. याच नाट्यगृहात याच वर्षी नोव्हेंबरात त्याने ज्यूल व्हेर्नबरोबर केलेलं ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेचं नाटक आलं, ज्यात जिवंत हत्ती रंगमंचावर आणला होता. कोर्माँचं नाव संगीतिकेच्या रसिकांना माहीत असेल, बिझेच्या 'मोतीवेच्यां'च्या संगीतिकेची संहिता लिहिणाऱ्या दोघांपैकी तो एक.

गोष्ट अशी. क्रांतीच्या आधीचं पॅरिस. नॉर्मंडीहून घोडागाडीने दोन मुली शहरात येतात, आंरिएत आणि लुईज. सख्ख्या बहिणी नाहीत. लुईज ही नोत्र दामच्या पायऱ्यांवर सोडून दिलेलं मूल. आंरिएतच्या बापाने तिला उचलून घरी आणलं आणि पोटच्या मुलीसारखी वाढवली. आता आईबाप गेले, लुईजची दृष्टी गेली, आणि डोळ्यांवर काही इलाज होतो का ते पाहायला आंरिएत तिला घेऊन आली आहे. न्यायला येणारा नातेवाईक येत नाही. एका सरदाराची माणसं आंरिएतला पळवतात आणि लुईज भर रस्त्यात एकटी उरते, बहिणीला हाका मारत. तिचा हात धरते ती ला फ्रोशार नावाची भिकारीण. तिला लुईजच्या आंधळेपणात धंदा दिसतो, आणि गळ्यात तर दुप्पट धंदा.

इथपर्यंत सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "हिला शाल दिली असेल तर ती काढून घेईल बघ." ती पुढे खरंच काढून घेते. भर बर्फात, सँ-सुल्पिस चर्चसमोर. पोरगी जितकी जास्त कुडकुडेल तितकी भीक जास्त पडेल, हा तिचा हिशेब. आईला ते आधीच कसं कळलं हे मी विचारलं नाही. उभ्या आयुष्यात तिने नाटकं काही थोडीथोडकी पाहिलेली नाहीत.

या प्रकारच्या नाटकाला आपण मेलोड्रामा म्हणतो, आणि तो शब्द आता नाक मुरडूनच वापरला जातो. समीक्षेत 'मेलोड्रामॅटिक' लिहिलं की निकाल लागला. मला हे कधी पटलं नाही. मूळ अर्थाने मेलोड्रामा म्हणजे संगीताच्या साथीने चालणारं नाटक. फ्रेंच क्रांतीची धग अजून विझली नव्हती तेव्हा, १८०० साली, पिक्सेरेकूर नावाच्या लेखकाचं 'सेलिना' पॅरिसच्या आंबिगू-कॉमिक नाट्यगृहात आलं आणि या प्रकाराला त्याचं रूप सापडलं. पुढची साठेक वर्षं बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्यावर अशा नाटकांची जत्रा होती. तिथल्या रंगमंचांवर रोज इतके खून आणि दरोडे पडत, की लोकांनी त्या रस्त्याचं नाव 'गुन्ह्यांचा रस्ता' असं पाडलं. १८६२ मध्ये शहराच्या नव्या आखणीत तिथली बहुतेक नाट्यगृहं पाडली गेली. 'सेलिना'मध्ये एक मुका माणूस आहे. त्याला सगळं माहीत आहे पण बोलता येत नाही, आणि तोच सेलिनाचा बाप निघतो. पहिल्याच गाजलेल्या मेलोड्रामात मुका बाप, आणि चौऱ्याहत्तर वर्षांनी आंधळी मुलगी. मला हा योगायोग वाटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो सांगताच येत नाही, ज्याला माणूस ओळखायचं आहे त्याला ते दिसतच नाही. त्या स्वस्त बाकांवर बसणारे कामगार, शिवणकाम करणाऱ्या बाया, मोलकरणी यांना हे समजावून सांगावं लागत नसणार. कोर्टात, कचेरीत, मालकासमोर ते रोजच मुके होत होते.

आता तो प्रसंग. आंरिएत सरदाराच्या तावडीतून सुटली आहे. तिला सोडवणारा तरुण शव्हालिए द व्होद्रे तिच्या प्रेमात पडला आहे. त्याची चुलती कंतेस द लिनिएर, म्हणजे पोलीसप्रमुखाची बायको, आंरिएतच्या माडीवरच्या खोलीत येते. मुलीला समजवायला आलेली बाई तिची कहाणी ऐकता ऐकता पांढरीफटक पडते, कारण नोत्र दामच्या पायऱ्यांवर सोडलेलं ते मूल तिचंच आहे. लग्नाआधीचं, घरच्यांनी हिसकावून घेतलेलं. आणि नेमक्या त्या क्षणी खालच्या रस्त्यावरून गाणं ऐकू येतं. लुईजचं गाणं. खोलीत एक बहीण, एक आई. दोघींचं माणूस खाली चाळीस पावलांवर आहे आणि गात गात पुढे चाललं आहे. आंरिएत दाराकडे धावते. दार उघडतं तर समोर शिपाई, तिला अटक करायला आलेले. गाणं लांब लांब जातं.

असा प्रसंग लिहायला कारागिरी लागते. देन्नरीने काय केलं बघा. पाहणाऱ्याला तिन्ही गोष्टी माहीत आहेत: ही तिची बहीण, ही तिची आई, खाली गाणारी ती. पात्रांना एकेक करून कळतं, आणि शेवटचं माणूस, जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती लुईज, तिला तर काहीच कळत नाही. ती गाते कारण फ्रोशारच्या काठीचं भय आहे. तिला माहीतसुद्धा नाही की कुणी ऐकलं. प्रेक्षकाला ओरडून सांगावंसं वाटतं, अगं वर बघ! आणि ती आंधळी आहे. वर बघून तरी काय होणार?

नाटकाला फ्रेंच सीमा ओलांडायला वर्षही लागलं नाही. तेव्हा परदेशी लेखकाच्या हक्कांना फारसं कुणी विचारत नसे. बर्नचा आंतरराष्ट्रीय करार १८८६ चा, अमेरिकेने परदेशी लेखकांना संरक्षण द्यायला सुरुवात केली ती १८९१ मध्ये. पॅरिसला नाटक गाजलं की लंडन-न्यूयॉर्कचे लोक ते उचलत आणि आपल्या गावचं करून टाकत. डायन बूसिको या आयरिश नाटककाराने तर एकाच फ्रेंच नाटकाचं 'द पुअर ऑफ न्यूयॉर्क' केलं, मग लिव्हरपूलला गेल्यावर 'द पुअर ऑफ लिव्हरपूल', आणि लंडनमध्ये 'द स्ट्रीट्स ऑफ लंडन'. आपल्याकडे देवलांनी मोलिएरला इंग्रजीवाटे गाठून फाल्गुनराव उभा केला, तेव्हा ते याच व्यापक सवयीचा भाग होते. 'दोन अनाथ मुलीं'चं गाव मात्र कुणी सहसा बदललं नाही. लंडनला १८७४ मध्येच ऑलिंपिक थिएटरात जॉन ऑक्सनफर्डने ते इंग्रजीत आणलं, पॅरिस पॅरिसच राहिलं. आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर थिएटरमध्ये हार्ट जॅक्सनचं रूपांतर सुरू झालं. लुईजचं काम केट क्लॅक्स्टनकडे आलं. नाटक त्या एका थिएटरात १८० प्रयोग चाललं, आणि क्लॅक्स्टन म्हणजे लुईज हे समीकरण तिच्या मरणापर्यंत सुटलं नाही.

दोन वर्षांनी तेच नाटक ब्रुकलिनला लागलं. मंगळवारची रात्र, सुमारे हजारभर माणसं, त्यातली चारशेच्या आसपास सगळ्यात वरच्या स्वस्त गॅलरीत. अकराचा सुमार होऊन गेला होता, शेवटचा अंक. दृश्य होतं सीन नदीकाठच्या जुन्या होडीघराचं, फ्रोशारचं बिऱ्हाड. क्लॅक्स्टन गवताच्या अंथरुणावर पडलेली. पडदा वर जायच्या थोडं आधी मॅनेजरला दिसलं की वर टांगलेल्या एका रंगवलेल्या पडद्याची कड बॉर्डरच्या गॅसच्या ज्योतीला लागून पेटली आहे. गॅसची बॉर्डर म्हणजे जाळीमागे पेटत्या ज्योतींची रांग, आणि तिच्या आजूबाजूला दाटीने लोंबणारं तैलरंगातलं कापड. पाण्याची नळी नेपथ्याच्या अडगळीमागे. त्यांनी लांब काठ्यांनी ज्योत झोडून विझवायचा प्रयत्न केला, आणि पडदा वर गेला.

होडीघराचा सेट बंदिस्त होता, वर कापडाचं छत. त्यामुळे पहिले काही क्षण प्रेक्षकांना काही दिसलं नाही. नटांच्या कानावर मात्र मागून कुजबुज आली. तरी ते संवाद म्हणत राहिले. हे वाचताना मला आमचा तो नट आठवला, अर्ध्या सेकंदाची त्याची नजर आठवली. इथे रंगमंचावर पडलेली बाई आंधळ्याचं काम करत होती. इतरांना निदान डोळ्यांनी एकमेकांना काही सांगता येत होतं. तिने वर पाहिलं असतं तर लुईज संपली असती, आणि हजार माना वर झाल्या असत्या.

मग ठिणग्या आणि जळतं कापड खाली पडायला लागलं. क्लॅक्स्टन, तिच्याबरोबर हॅरी मर्डॉक, स्टडली, मिसेस फॅरन असे चौघे पुढे आले आणि लोकांना शांत राहायला, जागेवर बसायला सांगू लागले. आणि लोक बसले. सगळे नाहीत, पण काही खरंच परत बसले. मला या एका तपशिलाने झोप लागू दिली नाही. दोन-अडीच तास ज्या बाईच्या आंधळेपणावर विश्वास ठेवून माणसं रडली, तिने 'बसा' म्हटल्यावर ती बसली. तिने हे लबाडीने सांगितलं नव्हतं. चेंगराचेंगरीने माणसं मरतील ही भीती होती आणि आग आटोक्यात येईल अशी आशा होती. नऊ वर्षांनी तिने स्वतः कबूल केलं की आमचं चुकलं, पडदा वर जायलाच नको होता. पडदा वर गेला म्हणून वारा आत आला आणि ज्वाळा भडकल्या.

खालच्या मजल्यावरची माणसं बहुतेक निघाली. वरच्या गॅलरीला जिना एकच, तोही वळणावळणाचा. तो माणसांनी भरला आणि मग धुराने. क्लॅक्स्टन तळघरातल्या वाटेने तिकीटखिडकीकडे निसटली. मर्डॉक आणि क्लॉड बरोज हे दोघे नट रंगपटात रस्त्यावर घालायचे कपडे घ्यायला गेले. डिसेंबरातली रात्र, अंगावर नाटकातले कपडे. ते परत आलेच नाहीत. मर्डॉकचं काम त्या रात्री पिएरचं होतं: फ्रोशारचा लंगडा धाकटा मुलगा, चाकूला धार लावून पोट भरणारा, त्या घरात लुईजवर माया करणारा एकटाच. नाटक शेवटपर्यंत चाललं असतं तर दुष्ट भाऊ जाकशी चाकूने लढून त्याने लुईजला सोडवायचं होतं.

पहाटे आग थंडावल्यावर अग्निशमन दलाचे लोक आत गेले. तोवर समज असा होता की फार माणसं गेली नसावीत, आतून ओरडणं ऐकू येत नव्हतं. गॅलरीचा जिना कोसळला त्या जागी खाली त्यांना प्रेतांची रास सापडली. किमान २७८ माणसं गेली, काही नोंदी तीनशेच्या वर जातात. ओळख न पटलेल्या १०३ जणांना ग्रीन-वुड दफनभूमीत एकाच खड्ड्यात पुरलं.

आईला हे मी सांगितलं तेव्हा ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वरची गॅलरी म्हणजे आपणच की रे." लग्नाआधी ती आणि माझी मावशी सांगलीला बाल्कनीच्या स्वस्त तिकिटावर नाटकं बघत. दोघींत मिळून एक वेणी, मध्यंतरापर्यंत एकीच्या केसात, मग दुसरीच्या.

आता वाटतं की यानंतर क्लॅक्स्टनने ते नाटक पुन्हा तोंडात घेऊ नये. पण तिने उलट केलं. काही महिन्यांनी, एप्रिल १८७७ मध्ये, सेंट लुईमधल्या ज्या हॉटेलात ती उतरली होती त्याला आग लागली आणि त्यातूनही ती वाचली. लोक तिला अपशकुनी म्हणू लागले, ती येईल तिथे आग येते म्हणू लागले. तरी तिने अमेरिकेतले हक्क आपल्याकडे ठेवले आणि गावोगाव 'टू ऑर्फन्स'चे प्रयोग करत वीसेक वर्षं काढली. दर रात्री त्याच होडीघरात, त्याच गवतावर, त्याच आंधळ्या डोळ्यांनी. पैशासाठी केलं असेल, नक्कीच. पण मला वाटतं की ज्या अंकाचा शेवट त्या रात्री झाला नाही, तो ती पुन्हा पुन्हा शेवटाला नेत होती. पिएर चाकू उचलतो, जाक पडतो, लुईज सुटते, दोघी बहिणी भेटतात. माझी ही कल्पना आहे, तिने असं कुठे म्हटलेलं नाही.

नाटकातला आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. आंरिएतला साल्पेत्रिएरमध्ये टाकतात, बायकांच्या कैदखान्यात, आणि तिची रवानगी समुद्रापार व्हायची असते. तिथे मारिआन नावाची कैदी आहे. पहिल्या अंकात ती जीव द्यायला निघाली होती आणि आंरिएतने दोन मायेचे शब्द बोलून तिला थांबवलं होतं. यादी वाचली जाते तेव्हा मारिआन आंरिएतच्या नावाला ओ देते. आता सगळं सिस्टर जनव्हिएव्हवर येतं. ही जोगीण जन्मात खोटं बोललेली नाही, तिची ख्यातीच ती. अधिकारी तिला विचारतो, हीच का ती? आणि ती हो म्हणते. नुसतं 'हो'. मेलोड्रामाला भडक म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा. यात किंचाळणं नाही, चाकू नाही, एका सत्यवादी बाईच्या तोंडचा एक खोटा शब्द आहे.

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या अमेरिकी दिग्दर्शकाने १९२१ मध्ये यावर चित्रपट केला, आईला मी दाखवत होतो तोच, तेव्हा त्याला नुसत्या एवढ्याने भागलं नाही. त्याने नाटकाला फ्रेंच क्रांती जोडली, दाँताँ आणला, रॉबस्पिएर आणला, गिलोटिन आणलं आणि शेवटी घोड्यांची धावपळ करून आंरिएतला पात्याखालून ओढून काढली. सुरुवातीच्या पाटीत बोल्शेविकांवर प्रवचनही झोडलं. हे सगळं मला जडच वाटतं. पण त्याच्याकडे लिलियन आणि डॉरोथी गिश या सख्ख्या बहिणी होत्या, आणि नाटक सुचवलं होतं तेही लिलियननेच. लहानपणी दोघी फिरत्या नाटक कंपन्यांत कामं करत. बाप घर सोडून गेलेला. काम मिळेल त्या कंपनीबरोबर जायचं, त्यामुळे कधी एक बहीण एका गावी तर दुसरी दुसऱ्या गावी. लिलियन आंरिएत झाली, डॉरोथी लुईज. क्लॅक्स्टन तेव्हा हयात होती; ती १९२४ मध्ये गेली.

आणि तो गाण्याचा प्रसंग. नाटकात तो सगळा कानावर उभा होता, चित्रपटात कानच नाही. ग्रिफिथने गाणं लिलियनच्या चेहऱ्यावर ठेवलं. ती बोलते आहे, बोलता बोलता काहीतरी तिला अडवतं. डोळे कुठेच बघत नाहीत, कारण ऐकणारा माणूस बघत नसतो. मग अविश्वास. मान किंचित वळते. पुन्हा बोलणं चालू करायचा प्रयत्न, कारण भास असेल. आणि मग एकदम सज्जाकडे धाव. खाली लुईज हात पुढे करून हवेत चाचपडते आहे, वर कुठूनतरी आपलं नाव येतंय पण कुठून?

यानंतरही रूपांतरं थांबली नाहीत. १९३३ मध्ये मोरिस तूर्नरने फ्रेंचमध्ये बोलपट केला, १९४२ मध्ये इटलीत गालोनेने आलिदा वाल्लीला घेऊन, चाळीसच्या दशकाअखेर इजिप्तमध्ये हसन अल-इमामने फातेन हमामाला घेऊन. बोलपट आल्यावर लुईजला आवाज मिळाला. मला मात्र मुकी लुईजच जवळची वाटते.

"मग वरच्या बहिणीला कसं कळलं?" या आईच्या प्रश्नाला त्या रात्री मी सांगितलं ते असं: "तिच्या तोंडाकडे बघून आपल्याला कळतं की तिला कळलं." आई म्हणाली, "मला तोंड दिसत नाही." खरंच होतं. आंधळ्या मुलीची गोष्ट, आणि ती बघायला डोळेच लागतात. मी चित्रपट मागे नेऊन तो प्रसंग पुन्हा लावला आणि शब्द शोधत बसलो. आता हात थांबला, आता ओठ मिटले, आता श्वास घेतला. आई ऐकत राहिली, मग हाताने मला थांबवलं. "कळलं. पुरे."

मावशी सांगलीला असते. तिचे गुडघे गेलेत, आईचे डोळे, तीन वर्षांत भेट नाही. रोज रात्री साडेआठला फोन. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात ताटं घेत होतो आणि आतून आईचा आवाज येत होता. ती मावशीला गोष्ट सांगत होती. नॉर्मंडीचं नाव तिच्या लक्षात नव्हतं, तिने 'लांबच्या खेड्यातून' केलं. सरदार राहिला, क्रांती पार गळाली, दाँताँ गेला, गिलोटिनही गेलं. फ्रोशारला तिने सरळ 'भिकारीण थेरडी' केलं आणि शालीचा प्रसंग माझ्यापेक्षा कितीतरी चांगला रंगवला. मग ती माडीवरच्या खोलीपर्यंत आली.

"आणि खालून गाणं आलं," आई म्हणाली.

फोनच्या स्पीकरमधून मावशीचा आवाज आला, "कुठलं गं?"

थोडा वेळ काही नाही. मी ताट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मग आईने आजीची ओवी धरली, जात्यावरची, हलक्या, फाटलेल्या आवाजात, पहिल्या ओळीच्या शेवटी आजीसारखाच हेल देऊन. दुसऱ्या ओळीला तिकडून मावशी मिळाली. फोनमुळे तिचा आवाज अर्धी मात्रा मागून येत होता.